सात नंबरचं मशीन

मुलुंड, ११ ऑगस्ट २०२५

कमल,

पाकिटावरचं नाव बघून तोंड वाकडं केलं असशील. कर. फोन मी कितीदा केला, तू उचलला नाहीस. शेवटी तुझ्या चैतन्यनेच सांगितलं, "मावशी, आई नाव बघते आणि फोन पालथा ठेवते. पत्र लिहा. इथे गावी पोस्टमन सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडून पत्र देतो, ते तिला घ्यावंच लागेल." मुलगा तुझ्यावर गेला नाही, देवाची कृपा.

मैत्रीखातर लिहितेय असं समजू नकोस. काम आहे.

आपली चक्रधर फॅन कंपनी होती त्या जागेवर आता आम्हा चाळवाल्यांची बिल्डिंग उभी राहिली. मे महिन्यात राहायला आलो. सातवा मजला, लिफ्ट दोन, त्यातली एक चालते. पुढे विकायचा टॉवर, बाजूला काचेचं ऑफिस आणि मधे आम्ही. माझ्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आपलं वाइंडिंग खातं होतं, पंख्याचे कॉइल गुंडाळायचो ते. आमचे भाऊराव हे नकाशावरून सांगतात, मी चिंचेच्या झाडावरून सांगते. चिंच बिल्डरने ठेवली आहे, हो.

तर सामान लावताना माझ्या सुनेला, दीप्तीला, एक लोखंडी पेडल सापडलं. जुन्या घरात ते दाराला अडकण म्हणून असायचं. "आई, अडकणीला हळदकुंकू कशाला?" म्हणाली. म्हटलं, खंडेनवमीला पुजते, हत्यार आहे. तिला फोटो काढल्याशिवाय चैन पडत नाही. तिने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ओळखा पाहू काय आहे! कंपनी बंद होऊन चोवीस वर्षं झाली, मालक कुठल्या देशात आहे कोण जाणे, तरी मला वाटलं की आता गेटवर झडती होणार.

एरवी त्या ग्रुपवर सकाळपासून गुलाबाची फुलं पडतात. त्या दिवशी सगळे चिडीचूप. दुसऱ्या दिवशी आपली वसुधा आली, पदराखाली काहीतरी धरून. बघते तर काउंटर! मशीनवर तारेचे फेरे मोजायचा तो. "ते पेडल सात नंबरचं ना? हा पण सात नंबरचाच," म्हणाली. इतकी वर्षं ती त्याच्यावर जप मोजतेय. "माळ हरवते गं. हा हरवत नाही, आणि आकडा पण दाखवतो." रामनामाला कंपनीचा काउंटर लावणारी मुलुंडमध्ये ही एकटीच असेल.

मग शर्मिष्ठा. तिच्याकडे मोटर! कंपनी गेल्यावर तिने तिच्यावर शेंगदाण्याचं कूट आणि तिखट दळून द्यायचा धंदा केला, दोन्ही मुली शिकवल्या. मोटर अजून घुमते, फक्त जवळ गेलं की शिंका येतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे डिस्पॅचमधला धाकू. मशीनचा अख्खा पाया त्याच्याकडे, वर तुळस लावलेली! मी विचारलं, एवढं धूड गेटमधून नेलंस कसं? "गो बाय, शेवटच्या आठवड्यात सत्यनारायणाच्या पूजेचो पाट म्हणान नेलंय. वर लाल फडको, तेच्यार नारळ. वॉचमन पाया पडलो."

आम्ही सगळे हसून हसून आडवे. प्रत्येकाला वाटत होतं की कंपनीत आपण एकटाच चोर. भाऊराव तेवढे गंभीर. युनियनच्या सेक्रेटरीच्या बायकोने कंपनीचं पेडल आणलं, हे त्यांना आता कळलं. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं.

आता काम. मशीन पुरं व्हायला एकच वस्तू कमी आहे, स्पिंडल. तार गुंडाळायचा दांडाच नाही तर बाकीचं घेऊन काय करायचं? आणि तो कुठे आहे ते आम्हाला समजलंय. वॉचमन चंद्रप्रकाश अजून रोज सकाळी इथे फिरायला येतो. त्याला विचारलं, तर हसला. "हमको सब का सब मालूम था. कमलबाई छाता लेके निकली थी. डिसेंबर में."

डिसेंबरात छत्री, कमल! जरा तरी अक्कल वापरायची.

खंडेनवमी एक ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये मशीनची पूजा आणि दसऱ्याला मशीन चालू, असं ठरलंय. स्पिंडल पाठवून दे. पोस्टाचा खर्च मी देईन.

सुलक्षणा


मुलुंड, ३० ऑगस्ट

कमल,

उत्तर नाही. गणपतीची गडबड असेल म्हणून सोडून देते.

इकडची प्रगती सांगते, तुला ऐकायची नसली तरी. मशीन जोडायला घेतलं. वसुधाच्या काउंटरच्या काचेत चोवीस वर्षांचं कुंकू बसलं होतं, आकडाच दिसेना. सगळ्यांनी आपापला भाग इतका भक्तीने पुजला होता की आधी दोन दिवस नुसतं रॉकेल लावून घासत बसलो. मग जोडणी. जोडतोय तर पेडल भलत्याच बाजूला जातं. धाकू म्हणतो डावीकडे, भाऊराव म्हणतात उजवीकडे, शर्मिष्ठा म्हणते तुम्हाला दोघांना काही कळत नाही. दोनदा जोडून दोनदा सोडलं. भाऊराव तर म्हणाले, हे दोन वेगळ्या मशीनचे भाग आहेत. शेवटी वसुधा म्हणाली, "अगं बायांनो, सात नंबर ना? ते कमलचं. ती डावखुरी."

खरंच की. तू फिटरच्या मागे लागून ते मशीन उलटं बसवून घेतलं होतंस. त्या ओळीत तेवढं एकच उलटं. तुझ्याखेरीज कुणाला त्याच्यावर धड बसता यायचं नाही.

मग तिसऱ्यांदा जोडलं आणि बरोबर बसलं.

पण त्याची तू काळजी करू नकोस. दीप्ती शिकते म्हणाली. ती बाजूच्या काचेच्या ऑफिसात आहे, चौथ्या मजल्यावर. तुला शेवटी ज्या पॅकिंगमध्ये टाकलं होतं ना, साधारण त्याच जागी ती कॉम्प्युटर घेऊन बसते. परवा मला घेऊन गेली. कमल, काय थंडगार! आपण पंखे बनवायचो आणि आपल्याच डोक्यावर पंखा नसायचा, आठवतं? कॉफी फुकट. मी दोन प्यायले.

मला हे सगळं आवडतं, हेही सांगून टाकते. भाऊराव आणि त्यांचे मित्र कट्ट्यावर बसून "गेले ते दिवस" करत असतात, त्यांना मी सांगते की ते दिवस मी पण पाहिलेत. कंपनी गेल्यावर ह्या एलबीएस रोडवर काय होतं? एकामागून एक गेटं बंद, शेडमधून पिंपळ उगवलेले, बस स्टॉपवर चिटपाखरू नाही. आपला चहावाला सुद्धा टपरी उचलून गेला. भाऊराव दोन वर्षं घरात बसून होते, शेव्हिंग करायचं सोडलं होतं त्यांनी. मी पोळ्या लाटल्या, साडीला फॉल लावले. मग मॉल आला तेव्हा सगळे रडले, आणि पहिल्याच रविवारी एसी खायला सगळे आत. मी तर सरकत्या जिन्यावर दिवसभर वर-खाली केलं. आता मेट्रोचं काम चाललंय, धूळ आहे, पण रात्री रस्त्यावर दिवे असतात आणि पोरी बिनधास्त चालत घरी येतात. भाऊराव सोसायटीचे सेक्रेटरी झालेत. मालक नाही तर लिफ्ट कंपनी सही. दर सोमवारी घोषणा, दर मंगळवारी वाटाघाटी. पुन्हा रोज दाढी करतात.

तर स्पिंडल पाठव. बाकी काही नको.

सुलक्षणा


मुलुंड, १३ सप्टेंबर

कमल,

तुझं कार्ड मिळालं. काय पण कार्ड! "कसला स्पिंडल? मला काही माहीत नाही. गणपती झाले. पाऊस आहे. कमल." एवढंच लिहायला तुला महिना लागला?

पण अक्षर तेच आहे. डावीकडे झुकलेलं. मी ते वसुधाला दाखवलं, तिने शर्मिष्ठाला दाखवलं, आता ते हॉलच्या नोटीस बोर्डावर आहे.

दीप्तीचं सांगते. तिने लाकडाचा एक दांडा बसवून प्रयत्न केला. पाय भलतीकडे, हात भलतीकडे, तार जमिनीवर. "आई, हे मशीन मला शिव्या देतंय," म्हणते. मी बसून बघितलं. माझी कंबर धरली. वसुधाने बसून बघितलं, तिचा चष्मा पडला. धाकू म्हणतो, "ह्या मशीन नाय गो, ह्या साक्षात कमल आसा. कोणाचा आयकाचा नाय."

आता गेटचा विषय काढते, कारण तू तो काढणार नाहीस. संप चालू असताना तू आत गेलीस. तुझे सासरे आजारी होते, घरात कमावणारी तू एकटी, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी गेटवर उभी होते, कारण मी संपात होते आणि तिथे उभं राहणं माझं काम होतं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुझ्या घोवाच्या पुढारीपणापायी माझी चूल इझाची नाय." मी म्हटलं, जा, आणि परत माझ्या बाकावर डबा खायला येऊ नकोस. तू आली नाहीस. कंपनीने महिन्याभराने सगळ्यांना परत घेतलं, शेवटच्या ऑर्डरी उरकून घेतल्या आणि नाताळच्या आधी कुलूप घातलं. म्हणजे आत गेलेले आणि बाहेर राहिलेले एकाच दिवशी घरी बसले.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. तू चुकलीस असंही आता म्हणत नाही. एवढ्यावर भागव.

स्पिंडल तुझ्याकडेच आहे हे मला ठाऊक आहे. कार्डावर तू "माझ्याकडे नाही" असं कुठेच लिहिलेलं नाहीस, असलं काही मी म्हणत नाही. मी वकील नाही. मी एवढंच म्हणते की तू ज्या मशीनवर वीस वर्षं बसलीस त्याचा दांडा तू भंगारात जाऊ देणारी बाई नव्हेस.

खंडेनवमी जवळ आली.

सुलक्षणा


मुलुंड, २३ सप्टेंबर

प्रिय कमल,

काल घट बसले आणि आज तुझं पार्सल आलं. कापडात शिवलेलं, टाके बारीक. हातात घेतलं आणि वजनावरून ओळखलं. खाली तेलाचा डाग होता. म्हणजे तू पण दरवर्षी त्याला तेल लावत होतीस.

वसुधा, शर्मिष्ठा, धाकू, सगळे धावत आले. धाकूने कात्री आणली. मी पाकीट शोधलं, चिठ्ठी शोधली. कापडावर माझा पत्ता आणि तुझा पत्ता, दुसरं अक्षर नाही.

तुझं पार्सल मी परत पाठवतेय. टाका उसवलेला नाही. हे पत्र वरून बांधलंय.

इथे माझ्यावर काय गजहब झालाय तुला कल्पना नाही. भाऊराव म्हणाले, "वेड लागलं का? आठ दिवसांवर पूजा आली आणि हातात आलेली वस्तू परत?" शर्मिष्ठा म्हणाली, हिला डोक्यावर मार लागलाय. धाकू कात्री धरून तसाच उभा. मंडपवाल्याला सांगून झालंय, बिल्डरच्या माणसांना बोलावून झालंय, टॉवरमधल्या बायका नऊवारी नेसून येणार आहेत, त्यांना काय ते विचारू नकोस. आणि मशीनला मधोमध भोक. माझ्यामुळे.

पण मला ते नको. तुझ्याशिवाय ते नको.

मी तुला लिहिलं होतं की बाकी काही नको. ते खोटं होतं. स्पिंडल काय, कुठल्याही लेथवाल्याकडून उतरवून घेतला असता, भाऊराव पहिल्या दिवसापासून तेच सांगताहेत.

आणि सात नंबरचं आता सांगते. सगळ्यांनी त्याचेच भाग का नेले, असं दीप्तीने विचारलं. मी म्हटलं, ते कोपऱ्यात होतं, रिकामं होतं, साहेबाच्या नजरेआड होतं. वसुधानेही तेच सांगितलं, धाकूनेही. सगळ्यांनी पोरीला गंडवलं. वाइंडिंग खात्यात चौदा मशीनं होती. मी नऊ नंबरवर बसायचे. न्यायचंच होतं तर माझ्या मशीनचं पेडल माझ्या पायाखालीच होतं की. संपानंतर खात्यात भांडणं नकोत म्हणून साहेबाने तुला पॅकिंगमध्ये टाकलं आणि सात नंबर रिकामं दिसायला लागलं. मी तुझ्याशी बोलत नव्हते आणि दिवसभर त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते. डब्याच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा मी पाना घेतला आणि तुझं पेडल सोडवलं. वसुधाने का नेलं ते तिला विचार. तिची आणि तुझी तर फारशी मैत्रीही नव्हती, पण ती पोटुशी असताना तिचे कॉइल तू करून द्यायचीस. धाकूची पोरं तुझ्या मांडीवर खेळली.

तू आमची होतीस, कमल. आम्हाला तुला ठेवून घ्यायचं होतं, ते आम्हाला जमलं नाही, मग आम्ही मशीन नेलं.

आता यायचं तर ये. स्पिंडल घेऊन ये, नाहीतर तशीच ये. आली नाहीस तर मशीन तसंच अर्धवट पुजू, मला त्याचीही लाज नाही.

तुझी सुलू


मुलुंड, ५ ऑक्टोबर

चि. चैतन्य यास अनेक आशीर्वाद.

तुझे तीन मेसेज दीप्तीने वाचून दाखवले. आई सुखरूप आहे. फोन तिने पालथा ठेवलाय, ती तिची सवय तुला माहीत आहे. म्हणून मी लिहिते.

खंडेनवमीच्या सकाळी हॉलमध्ये आम्ही मशीनला झेंडूचं तोरण बांधत होतो. टॉवरमधल्या बायका आल्या होत्या. एकीने मला विचारलं, हे कुठलं दैवत? तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि पहिला आवाज आला तो रिक्षावाल्याशी भांडणाचा. ठाणे स्टेशनापासून इतके होतात का म्हणून. मी काय ते समजले. हातातला झेंडू खाली पडला, तो मी उचलला नाही.

आत आली. काखेत पार्सल, तसंच शिवलेलं. चोवीस वर्षांनी मला बघून पहिलं वाक्य काय? "पार्सल परत धाडलंस? लाज नाय वाटली तुका? माझो कापड फुकट गेलो." मी म्हटलं, "कापड कुठे गेलंय, हे काय तुझ्या काखेत आहे." आणि मग आम्ही दोघी जे रडलो ना, भाऊरावांनी भटजींना चहा प्यायला बाहेर नेलं.

स्पिंडल बसवला. धाकू पाना हळूहळू फिरवत होता, तर तुझ्या आईने तो त्याच्या हातून घेतला आणि स्वतः आवळला. पूजा तिच्याच हातून केली. तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी हळदकुंकू वाहिलं, फक्त काउंटरला वसुधाने कुणाला हात लावू दिला नाही. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं म्हणून तो दिवस कसाबसा काढला. रात्री ती माझ्याकडे राहिली. तीन वेळा उठून हॉलची किल्ली मागितली.

दसऱ्याला सकाळी स्टुलावर बसली. पदर खोचला. तारेचं टोक डाव्या हातात धरलं, पेडल दाबलं. मोटर सुरू झाली आणि आधी सगळ्यांना शिंका आल्या. मग तार सरळ जायला लागली. एकही फेरा फेऱ्यावर चढला नाही, बाळा. अगदी घट्ट, शेजारी शेजारी. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, शर्मिष्ठाला विचारत होती मुली कुठे दिल्यास म्हणून. दीप्ती मला म्हणाली, "आई, ह्या बघत पण नाहीत!" मी म्हटलं, आम्ही कोणीच बघायचो नाही. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की कुणाला तरी मारावंसं वाटलं. मी भाऊरावांच्या पाठीत धपाटा घातला.

कॉइल उतरवून तिने नखाने वाजवून बघितला आणि म्हणाली, "बरो आसा." टॉवरमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता काचेच्या ऑफिसातल्या मुली संध्याकाळी रांग लावून शिकायला येतात. ती त्यांच्यावर ओरडते आणि त्यांना ते आवडतं. त्यातली एक डावखुरी निघाली. तिला तुझी आई रांगेत उभी करत नाही, थेट पुढे घेते.

तू विचारलंस, परत कधी येणार. त्याचं असं आहे. काल दुपारी जेवून उठलो आणि तिने गेटचा विषय काढला. माझ्या आधी तिने काढला, हे लक्षात ठेव. ती म्हणाली, मी आत गेले ते बरोबरच होतं. मी म्हटलं, मी बाहेर उभी राहिले ते बरोबरच होतं. तिथून जे सुरू झालंय ते चहाला, जेवताना, लिफ्टमध्ये, भाजी निवडताना, चालूच आहे. भाऊराव मधे पडायला गेले, आम्ही दोघींनी मिळून त्यांना गप्प बसवलं. एरवी लिफ्ट कंपनीला न घाबरणारा माणूस काल कट्ट्यावर जाऊन बसला.

आज सकाळी तिने जाहीर केलं की सुलूला पटल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

मला इतक्यात पटणार नाही, बाळा. तिचे दिवाळीचे कपडे इकडे पाठवून दे.

तुझी,
सुलक्षणामावशी